चिमणीवर मीटर असतो का? कोळशातल्या कार्बनच्या हिशेबाची गोष्ट

ज्यांचे इयरफोन घरी राहिलेत, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना अडखळले ती एक-दोन वाक्यं नीट केलीत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

आजचा विषय माझा नाही, मामाच्या नातवाचा आहे. गेल्या दिवाळीत मी चंद्रपूरला मामाकडे गेले होते. मामाच्या गच्चीवरून औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. २९२० मेगावॉटचं केंद्र, राज्याच्या मालकीचं सगळ्यात मोठं. नातू सातवीत. फोनवर कुठलीशी बातमी वाचत होता, अमुक देशानं वर्षात इतके अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडला. त्यानं चिमण्यांकडे बघितलं, मग फोनकडे, आणि विचारलं, "आबा, हे मोजलं कोणी? चिमणीवर मीटर असतो का?"

मामा हसले. म्हणाले, "चिमणीवर नाही रे बाबा. काट्यावर."

मामांची सगळी नोकरी एका कोळसा खाणीच्या काट्यावर गेली. काटा म्हणजे वजनकाटा. भरलेला ट्रक काट्यावर येतो, वजन होतं, पावती फाटते, ट्रक पुढे. मला त्या क्षणी मामांचं उत्तर म्हणजे गंमत वाटली होती. परत आल्यावर वाचत गेले, तेव्हा कळलं की मामा शंभर टक्के बरोबर बोलले होते. कोळशापासून होणाऱ्या उत्सर्जनाचा जगातला जवळजवळ प्रत्येक आकडा चिमणीवर नाही, कुठल्या तरी काट्यावर सुरू होतो. आणि तो काटा कुणीही हवामानासाठी बसवलेला नव्हता. आजची गोष्ट ही आहे.

आधी थोडी शाळा

एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. चिमणीतून जे पांढरं किंवा करडं निघताना दिसतं, तो कार्बन डायऑक्साइड नव्हे. ती वाफ असते, बारीक राख असते. कार्बन डायऑक्साइडला रंग नाही, वास नाही. म्हणजे डोळ्यांनी अंदाज करायची सोय नाही.

मग अंदाज करायचा कसा? वजनावरून. कार्बनचा एक अणू १२ वजनाचा. जळताना तो हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू ओढून घेतो, प्रत्येकी १६ चे, म्हणजे ३२. बेरीज ४४. म्हणून १२ किलो कार्बन जळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. एक किलोला साधारण ३.६७ किलो. जाळलं त्याहून जड बाहेर पडतं म्हटल्यावर पहिल्यांदा कुणालाही खोटं वाटतं, पण ते जादा वजन हवेतल्या ऑक्सिजनचं आहे.

म्हणजे हिशेबाला तीन गोष्टी पुरतात. कोळसा किती जाळला? त्यात कार्बन किती होता? आणि त्यातला खरोखर किती जळला? तिन्हींचा गुणाकार करा, ३.६७ नं गुणा, झालं उत्तर. वहीच्या अर्ध्या पानात मावणारं गणित. भांडण आहे ते गणिताचं नाही, या तीन आकड्यांचं आहे. गेली सव्वाशे वर्षं ते चालू आहे.

करासाठी लिहिलेली वही

पहिला आकडा, कोळसा किती. हा मोजायला कुणी सुरुवात केली? ब्रिटननं. रॉबर्ट हंट नावाचे अधिकारी खाणींच्या नोंदी ठेवायच्या कार्यालयात होते. त्यांनी १८५० च्या दशकात देशभरच्या खाणींकडून आकडे गोळा करून दरवर्षी छापायला सुरुवात केली. १८५४ चा आकडा आहे सुमारे ६ कोटी ४७ लाख टन. हे सगळं व्यापारासाठी, उद्योगासाठी. १८६५ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञानं 'द कोल क्वेश्चन' नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात हेच आकडे वापरले. त्याची काळजी काय होती? कोळसा संपेल आणि ब्रिटनचं मोठेपण जाईल. धुराचं हवेत काय होतं हा त्याचा प्रश्नच नव्हता.

हळूहळू इतर देशांनीही अशा वह्या ठेवल्या. कर लावायला, रेल्वे चालवायला, आरमार चालवायला. आणि मग १८९० च्या दशकात स्वीडनमध्ये दोन माणसांनी या वह्या वेगळ्याच कारणासाठी उघडल्या.

त्यातलं एक नाव तुम्ही ऐकलं असेल, स्वांते अऱ्हेनियस. हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त झाला तर पृथ्वीचं तापमान किती बदलेल, याचं गणित त्यानं १८९६ मध्ये प्रसिद्ध केलं. दुसरं नाव मागे राहिलं, आर्विद होगबोम. हा भूगर्भशास्त्रज्ञ. ज्वालामुखी, चुनखडी, समुद्र यांच्यातून कार्बन कसा फिरतो याचा तो अभ्यास करत होता. हे सगळं मांडताना त्यानं माणसाचाही वाटा मांडला. जगात वर्षाला साधारण ५० कोटी टन कोळसा निघतो. तो सगळा जाळला तर तयार होणारा कार्बन डायऑक्साइड, हवेत आधीच असलेल्या साठ्याच्या साधारण एक हजारांश भरेल. अऱ्हेनियसनं हा हिशेब आपल्या लेखात घेतला.

मला हा आकडा फार आवडतो. एक हजारांश म्हणजे त्या काळी कुणालाही नगण्य वाटेल. होगबोमलाही वाटलं की चुनखडी तयार होताना जवळपास तेवढाच वायू शोषला जातो, त्यामुळे फिटंफाट. आणि अऱ्हेनियसला तर थोडी ऊब वाढली तर बरंच वाटत होतं. स्वीडनच्या थंडीत बसून तुम्हाला-मलाही वाटलं असतं! पण एक गोष्ट घडली होती. खाणीच्या वहीतला आकडा पहिल्यांदा आकाशाच्या वहीत चढला होता.

वाफेचा इंजिनिअर आणि १५ हजार कोटी टन

पुढची चाळीस वर्षं फारसं काही झालं नाही. मग १९३८ मध्ये लंडनच्या रॉयल मेटिऑरॉलॉजिकल सोसायटीसमोर एक माणूस उभा राहिला, गाय कॅलेंडर. हवामानशास्त्रज्ञ नव्हता. वाफेवर काम करणारा इंजिनिअर होता. म्हणजे कोळसा, बॉयलर, उष्णता हे त्याच्या रोजच्या कामातलं. हवामानाचा अभ्यास तो स्वतःच्या वेळेत करायचा.

त्याच्या लेखाची सुरुवातच आकड्यानं होते. गेल्या अर्ध्या शतकात माणसानं इंधन जाळून हवेत सुमारे १५ हजार कोटी टन कार्बन डायऑक्साइड टाकला आहे, आणि त्यातला साधारण तीन चतुर्थांश हवेतच राहिला आहे. शिवाय जगभरच्या केंद्रांच्या तापमानाच्या नोंदी जमवून तो म्हणाला की पृथ्वी तापायला लागलेली आहे.

समोर बसलेले तज्ज्ञ फारसे पटले नाहीत. एका इंजिनिअरनं वह्यांची बेरीज करून आकाशाबद्दल बोलावं, हे त्यांना रुचलं नसावं, असं मला वाटतं. कॅलेंडर एका बाबतीत चुकलाही होता. हवेत तीन चतुर्थांश राहत नाही. आज आपल्याला माहीत आहे की जवळपास निम्माच राहतो, बाकीचा समुद्र आणि झाडं-माती शोषून घेतात. पण हे "निम्मा" कळलं कसं? त्यासाठी दोन वह्या लागतात. एक काट्यावरची, जाळलं किती. दुसरी हवेची, वाढलं किती. कॅलेंडरकडे दुसरी वही धड नव्हती.

ती वही लिहिली चार्ल्स डेव्हिड कीलिंगनं. १९५८ च्या मार्चमध्ये हवाईच्या मौना लोआ डोंगरावर त्याचं यंत्र सुरू झालं, आणि तेव्हापासूनचा तो चढत जाणारा वक्र तुम्ही शंभर वेळा पाहिला असेल. पण कीलिंगचं दुसरं काम फारसं कुणी सांगत नाही. हवा मोजणाऱ्या या माणसानं १९७३ मध्ये काट्याची वहीही लिहायला घेतली. संयुक्त राष्ट्रांची ऊर्जेची कोष्टकं घेऊन, जुने आकडे जोडून, त्यानं १८६० पासून १९६९ पर्यंतचा वर्षावार हिशेब मांडला. कोळसा, तेल, वायू, सोबत सिमेंटसाठी भाजलेली चुनखडीसुद्धा. दोन्ही वह्या एकाच माणसानं शेजारी-शेजारी ठेवल्या. मग प्रश्न विचारता आला की बाकीचा गेला कुठे?

आणि इथे खरी मेख आहे. बराच काळ जंगलं आणि माती किती कार्बन शोषतात हे वजाबाकीनं काढलं जायचं. जाळलेला, वजा हवेत वाढलेला, वजा समुद्रात गेलेला. उरलेलं जमिनीच्या खात्यावर. म्हणजे कुठल्या तरी देशातल्या कारकुनानं कोळशाचा आकडा कमी लिहिला, तर जगाच्या हिशेबात कुठलं तरी जंगल उगाचच कमी काम करताना दिसणार. काट्यावरची चूक झाडांच्या माथी!

आजीची शेगडी आणि ०.९८२

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिजच्या ग्रेग मार्लंड आणि राल्फ रॉटी यांनी ही पद्धत नीट बांधून काढली. त्यांचं सूत्र तेच, तीन आकड्यांचा गुणाकार. पण त्यांनी एक शहाणपणा केला. नुसता टन धरला नाही. कारण एक टन कोळसा म्हणजे काय? तेलंगणातला, जर्मनीतला, ऑस्ट्रेलियातला, प्रत्येक टन वेगळा. म्हणून त्यांनी उष्णतेचं माप धरलं. किलोला ७००० किलोकॅलरी देणारा एक काल्पनिक "प्रमाणित कोळसा" धरायचा आणि सगळ्या देशांचा कोळसा त्यात बदलायचा. या प्रमाणित टनात ०.७४६ टन कार्बन, आणि त्यातला ०.९८२ भाग जळतो. गुणाकार केला की सुमारे २.६९ टन कार्बन डायऑक्साइड.

०.९८२ वर मी थांबले. म्हणजे शंभरातला पावणेदोन किलो कार्बन जळतच नाही, राखेत किंवा काजळीत राहतो. मला लगेच माझी आजी आठवली. तिची कोळशाची शेगडी होती. सकाळी राख चाळताना ती त्यातले काळे तुकडे वेचून बाजूला ठेवायची, संध्याकाळी परत घालायला. आजीला कार्बन चक्र माहीत नव्हतं, पण "सगळा जळत नाही" हे तिला पक्कं माहीत होतं. पुढे आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र वेगळी माहिती नसेल तर सगळा जळला असंच धरायला सांगितलं.

आपला कोळसा, आपली राख

आता आपल्याकडे या. आयपीसीसीच्या तक्त्यात साध्या बिटुमिनस कोळशासाठी ठरलेला आकडा आहे. ज्यांच्याकडे स्वतःचं मोजमाप नाही त्यांनी तो वापरायचा. त्यानुसार एक टन कोळसा २५.८ गिगाज्यूल उष्णता देतो, आणि प्रत्येक गिगाज्यूलमागे ९४.६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. एक गिगाज्यूल म्हणजे साधारण २७८ युनिट विजेइतकी उष्णता. गुणाकार केला तर टनाला २.४४ टन.

पण भारतीय कोळसा तसा नाही. त्यात राख प्रचंड, ३० ते ४५ टक्क्यांपर्यंत जाते. आपल्या शास्त्रज्ञांनी देशातल्या खाणींचे नमुने तपासले आणि राष्ट्रीय अहवालांसाठी स्वतःचे आकडे काढले. वीज केंद्रात जातो त्या साध्या कोळशासाठी टनाला १९.६३ गिगाज्यूल, आणि गिगाज्यूलमागे ९५.८१ किलो. गुणाकार: १.८८ टन.

फरक बघा. २.४४ आणि १.८८. टनामागे अर्ध्या टनाहून जास्त. आपलं वर्षाचं कोळसा उत्पादन २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांच्या पुढे गेलं. समजा हा सगळा साधाच कोळसा आहे आणि कुणी घाईत बाहेरचा आकडा लावून टनावर हिशेब केला, तर ५० कोटी टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड आपल्या नावावर फुकट चढेल. जागतिक वाटाघाटीत जिथे देश एकेका टक्क्यावर भांडतात, तिथे ही काही लहान गोष्ट नाही.

पण थांबा. "बघा, आपला कोळसा कमी प्रदूषण करतो" असं म्हणून लगेच स्टेटस ठेवू नका. दुसरा आकडा पुन्हा वाचा. गिगाज्यूलमागे आपला ९५.८१, त्यांचा ९४.६. म्हणजे तेवढीच उष्णता हवी असेल तर आपला कोळसा थोडा जास्तच सोडतो, आणि वर राखेचे डोंगर वेगळे. टनाला कमी निघतो कारण टनात कोळसाच कमी आहे. तेवढ्याच विजेसाठी ट्रक जास्त लागतात. याच कारणानं केंद्रीय विद्युत प्राधिकरण २००६ पासून देशातल्या वीज केंद्रांचा जो हिशेब प्रसिद्ध करतं, त्यात जाळलेलं इंधन, त्याचं उष्मामूल्य आणि उष्णतेमागचा उत्सर्जन घटक अशी साखळी असते.

उष्मामूल्याची गोष्ट आली की मामांच्या काट्याची आठवण येते. मी फोन करून विचारलं, "मामा, पावसाळ्यात कोळसा भिजतो, मग वजनाचं काय होतं हो?" मामा म्हणाले, "पोरी, पावसाळ्यात पाणीबी कोळशाच्याच भावानं जाते." भिजलेला ट्रक जड भरतो, पण त्या वजनात उष्णता नाही. उलट ते पाणी उडवायलाच उष्णता खर्च होते. म्हणून नुसता काटा पुरत नाही, प्रयोगशाळा लागते. २०१२ च्या जानेवारीपासून आपल्याकडे कोळशाची प्रत पूर्ण उष्मामूल्यावर ठरते, जी-१ पासून जी-१७ पर्यंत. जी-१ म्हणजे किलोला ७००० किलोकॅलरीच्या वर, जी-११ म्हणजे ४००० ते ४३००. या प्रतीवर भाव ठरतो, म्हणून नमुना कुठून घेतला, कधी घेतला यावर खाण आणि वीज केंद्र यांच्यात वाद होतात. भांडण पैशाचं असतं. पण त्याच कागदावरून उद्या देशाचं उत्सर्जन ठरतं. १८५४ मध्ये जे होतं तेच आजही आहे.

२०१५, एक देश, दोन दुरुस्त्या

हे सगळं किती मोठं होऊ शकतं ते चीननं दाखवलं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये 'नेचर' नियतकालिकात झू लिऊ आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. त्यांनी चीनच्या शंभर मोठ्या कोळसा क्षेत्रांतले ६०२ नमुने तपासले. निष्कर्ष असा की चिनी कोळशाचा टनामागचा उत्सर्जन घटक आयपीसीसीच्या ठरलेल्या आकड्यापेक्षा सरासरी ४० टक्क्यांनी कमी. कारण आपल्यासारखंच, कोळसा कमी प्रतीचा. त्यांच्या हिशेबानं २०१३ चं चीनचं उत्सर्जन प्रमुख जागतिक याद्यांपेक्षा १४ टक्के कमी निघालं.

आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उलटी बातमी. चीनच्या सरकारी सांख्यिकीनं जुने आकडे सुधारले होते. काही वर्षांत देशानं आधी सांगितल्यापेक्षा १७ टक्क्यांपर्यंत जास्त कोळसा जाळला होता. एकट्या २०१२ च्या आकड्यात सुमारे ६० कोटी टनांची भर पडली.

म्हणजे एकाच वर्षात "किती" वर गेला आणि "कसा" खाली आला. कुणी म्हणेल, म्हणजे हे सगळं थोतांडच की! मला उलटं वाटतं. चूक सापडली, कारण हिशेबाचा प्रत्येक तुकडा वेगळा मांडलेला होता. कुणीतरी खाणीत जाऊन नमुना घेऊ शकलं, कुणीतरी कारखान्यांची गणना पुन्हा करू शकलं. ज्या आकड्याचे तुकडे दिसतात, तोच आकडा दुरुस्त करता येतो.

मग मीटर का नाही बसवत?

नातवाचा मूळ प्रश्न राहिलाच. चिमणीवर मीटर बसवता येतो. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून आम्लवर्षा रोखण्याच्या कायद्यामुळे मोठ्या वीज केंद्रांच्या चिमण्यांत सतत मोजणारी यंत्रं आहेत, आणि ती कार्बन डायऑक्साइडही मोजतात. २००८ मध्ये दोन संशोधकांनी हे चिमणीचे आकडे आणि कोळशाच्या हिशेबातून आलेले आकडे शेजारी ठेवून पाहिले. देशाची बेरीज बरीच जुळली. पण एकेका केंद्राचे आकडे सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास वेगळे. चिमणीत वायूचा वेग मोजणं अवघड, काट्यावर ओलावा मोजणं अवघड. म्हणजे मीटर बसवला म्हणून वही बंद करता येत नाही.

मी नातवाला व्हॉट्सअ‍ॅपवर हे सगळं लिहून पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "म्हणजे आबांनी मोजलं?" मी म्हटलं, हो, त्यातलं थोडं आबांनीच मोजलं. फक्त तेव्हा त्यांना माहीत नव्हतं की आपण आकाशाचा हिशेब लिहितोय.

तर मंडळी, पुढच्या वेळी अमुक अब्ज टनांची बातमी दिसली तर तीन प्रश्न विचारा. किती टन धरला? कुठला कोळसा धरला? आणि सगळा जळला असं धरलं का? बातमीत उत्तरं नसतील तर तो आकडा पुढे ढकलण्याआधी एक मिनिट थांबा.

तुमच्या घरात कुणी खाणीवर, रेल्वेच्या मालगाडीवर, बॉयलरवर काम केलं असेल तर त्यांना विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या!